स्कॉफ्नुंग: फुंकरीने जागी होणारी तलवार

नमस्कार श्रोतेहो.

आज बोलायचं आहे एका जुन्या तलवारीबद्दल. जुनी म्हणजे हजार-अकराशे वर्षांपूर्वीची, व्हायकिंगांची. ओस्लोच्या नाहीतर कोपनहेगनच्या संग्रहालयात अशा तलवारी काचेच्या कपाटात निजवून ठेवलेल्या असतात. तपकिरी पडलेल्या, पापुद्रे सुटलेल्या, कडा उंदरांनी कुरतडल्यासारख्या. बघणारा दोन मिनिटं थांबतो आणि पुढे जातो. त्याने पुढे जाऊ नये, म्हणून आजचं हे बोलणं.

व्हायकिंग म्हणजे आजच्या नॉर्वे, डेन्मार्क, स्वीडनमधले दर्यावर्दी लोक. इ. स. ७९३ मध्ये त्यांनी इंग्लंडजवळच्या लिंडिसफार्न बेटावरचा मठ लुटला. तिथपासून १०६६ पर्यंतचा काळ इतिहासात त्यांच्या नावावर आहे. शिंगांची शिरस्त्राणं ते घालत नसत. ती शिंगं एकोणिसाव्या शतकातल्या रंगभूमीने त्यांच्या डोक्यावर चढवली. मुलांच्या पुस्तकांतून ती आता तरी उतरवावीत, असं मला मनापासून वाटतं.

तर तलवार. लांबी मुठीसकट साधारण ९० सेंटिमीटर. पातं सरळ, दोन्ही बाजूंनी धार, मुठीजवळ पाच-सहा सेंटिमीटर रुंद. वजन? सिनेमात नट ती दोन्ही हातांनी, दात-ओठ खात उचलतो. खरं वजन एक किलो ते सव्वा किलो. पुन्हा सांगते, एक ते सव्वा किलो. साखरेची पिशवी उचलता ना, तेवढंच. मुठीत हात मावायची जागा नऊ-दहा सेंटिमीटर, म्हणजे एकाच हाताची. दुसऱ्या हाताला तिथे जागाच नाही, कारण दुसऱ्या हातात ढाल आहे.

पात्याच्या मधोमध वरपासून खालपर्यंत एक उथळ पन्हळ असते. ती रक्त वाहून जाण्यासाठी असते असं अनेक जण सांगतात. ते खरं नाही. पन्हळ असते वजन कमी करायला. मधलं लोखंड कमी केलं तरी पात्याचा ताठपणा जवळजवळ तसाच राहतो आणि मनगटावरचा भार घटतो. मुठीला खाली एक आडवी पट्टी, वर एक आडवी पट्टी आणि टोकाला जाडजूड गोळा. हा गोळा शोभेसाठी नाही. तराजूच्या पारड्यात वजन टाकावं तसा तो पात्याचा भार तोलतो. मुठीचे हे आकार बदलत गेले आणि त्यावरून तलवारीचा काळ ओळखता येतो. नॉर्वेच्या यान पेटरसन यांनी १९१९ साली या आकारांना एकेक रोमन अक्षर देऊन वर्गवारी लावली. आज शंभर वर्षांनंतरही संग्रहालयाच्या चिठ्ठीवर तेच अक्षर लिहितात.

आता गंमत अशी की व्हायकिंगांच्या हातातली उत्तम पाती पुष्कळदा त्यांची स्वतःची नसत. ती येत ऱ्हाइन नदीच्या खोऱ्यातून, फ्रँक लोकांच्या राज्यातून. मूठ मात्र आपल्या पसंतीची, आपल्या गावच्या कारागिराकडून बसवलेली. तिच्यावर बारीक चरे पाडून त्यांत चांदीची नाहीतर तांब्याची तार ठोकलेली. आपल्याला हे नवीन नाही. मराठ्यांची फिरंग आठवा. पातं युरोपातलं, मूठ इथली. चांगलं पातं कुठलंही असो, हाताला बसणारी मूठ आपली, हा हिशेब इकडेही तोच आणि तिकडेही तोच.

फ्रँक राजांना हा व्यापार खुपत होता. आपलीच पाती घेऊन लोक आपल्याच गावांवर चालून येतात! शेवटी ८६४ साली राजा टकल्या चार्ल्सने पीत्र इथे हुकूम काढला की उत्तरेकडच्या या लोकांना जो शस्त्र, चिलखत किंवा घोडा विकेल त्याला देहदंड. एवढं करून पाती जायची थांबली नाहीत. नॉर्वेच्या जमिनीत ती आजही निघतात. तिकडे मेलेल्या माणसाबरोबर त्याची तलवार पुरायची रीत होती, म्हणून त्या तिथे टिकल्या. जिथे बनल्या तिथले लोक ख्रिस्ती झालेले, ते थडग्यात शस्त्र ठेवत नसत. म्हणून कारखाना एकीकडे आणि ठेवा दुसरीकडे.

किमतीचा एक आकडा सांगते, तो मात्र लक्षात ठेवा. फ्रँकांच्या रिपुआर कायद्यात, म्हणजे सातव्या शतकाच्या सुमाराच्या कायद्यात, भरपाईसाठी वस्तूंचे भाव लिहून ठेवलेत. धडधाकट बैल, दोन सॉलिडस, म्हणजे सोन्याची दोन नाणी. नुसती तलवार, तीन सॉलिडस. म्यानासकट तलवार, सात. नुसती तीन, म्यानासकट सात. म्हणजे म्यानाला तलवारीपेक्षा जास्त दाम! का, ते म्यान उघडून पाहिलं की कळतं. लाकडाच्या दोन पातळ फळ्या, वरून चामडं, आणि आतून मेंढीच्या लोकरीचं अस्तर. लोकरीत मेंढीच्या अंगची चरबी असते. तलवार आत-बाहेर होताना तीच चरबी पात्याला पुसली जाते. आपण भाकरीचा लोखंडी तवा धुतल्यावर तेलाचा बोळा फिरवतो ना? ते म्यान हा तेलाचा बोळा होता. थंड, ओल्या, खाऱ्या हवेच्या देशात याची किंमत बैलांत मोजली तर नवल नाही.

आता मी ज्या गोष्टीसाठी थांबले आहे ती गोष्ट.

आइसलँडमध्ये तेराव्या शतकात लिहिलेल्या गद्य कथा आहेत, त्यांना सागा म्हणतात. त्यांतल्या कोर्माक सागेत दहाव्या शतकातल्या कोर्माक नावाच्या कवीची हकिकत आहे. कोर्माकचं प्रेम स्टाइनगेर्डवर, पण लग्नाच्या वेळी तो हजरच झाला नाही. तिचं लग्न बेर्सीशी लावून दिलं गेलं. बेर्सी द्वंद्वयुद्धात मुरलेला. त्याच्या तलवारीचं नाव ह्वीटिंग, आपण धवला म्हणू. कोर्माकने बेर्सीला आव्हान दिलं. दिवस ठरला, जागा ठरली, आणि मग लक्षात आलं की ह्वीटिंगसमोर धरायला आपल्याकडे त्या तोडीची तलवार नाही.

आईने, दाल्लाने, वाट दाखवली. मिडफ्योर्डच्या स्केग्गीकडे स्कॉफ्नुंग नावाची तलवार होती. ही साधीसुधी तलवार नव्हे. डेन्मार्कचा दंतकथांमधला राजा ह्रोल्फ क्राकी याची ती तलवार. तो तिच्यासकट पुरला गेला होता, आणि स्केग्गीने त्याच्या थडग्याचा ढिगारा फोडून ती बाहेर काढली होती.

स्केग्गी आधी नाहीच म्हणाला. त्याचं म्हणणं, तुझं आणि तिचं जमायचं नाही. स्कॉफ्नुंग सावकाशीची आहे आणि तू उतावळा. कोर्माक रागाने घरी आला. थोड्या दिवसांनी आई म्हणाली, आता जा, आता देईल. आणि खरंच स्केग्गीने तलवार दिली, पण देताना नियम सांगितले. श्रोतेहो, हे नियम नीट ऐका.

पहिला, तलवारीबरोबर एक पिशवी आहे, तिला हात लावायचा नाही. दुसरा, मुठीच्या वरच्या भागावर ऊन पडू द्यायचं नाही. तिसरा, लढायची वेळ येईपर्यंत ती कमरेला बांधायची नाही. चौथा, मैदानात पोचलास की एकटा बस, तिथेच ती उपस, पातं समोर धर आणि त्यावर फुंकर घाल. मग मुठीखालून एक छोटा साप सरपटत बाहेर येईल. तलवार जरा कलती कर, म्हणजे त्याला परत मुठीखाली जायला सोपं पडेल.

फुंकर घाल. साप येईल. त्याला परत जाऊ दे. एवढंच करायचं होतं.

कोर्माक म्हणाला, तुम्हा जादूगारांचं काहीतरी भलतंच असतं. आणि घोड्यावर बसून घरी आला. आईला तलवार दाखवायची म्हणून उपसायला गेला, तर ती म्यानातून निघेना. आई म्हणाली, फार हट्टी आहेस रे बाळा. त्याने काय करावं? मुठीवर पाय दिला आणि पिशवी ओरबाडून काढली. स्कॉफ्नुंग म्यानातल्या म्यानात कण्हली, करकरली, पण बाहेर आली नाही.

ठरलेला दिवस उगवला. या द्वंद्वाला होल्मगांग म्हणत आणि त्याचे नियम सागेने बारकाईने सांगितलेत. जमिनीवर एक कापड अंथरायचं, पाच हात लांब, पाच हात रुंद. त्यांचा हातही आपल्या हाताएवढाच, कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंतचा. कापडाच्या चार कोपऱ्यांना फासे, ते खुंट्यांनी जमिनीत पक्के करायचे. भोवती तीन चर, एकेक पाऊल रुंद. बाहेरच्या चार कोपऱ्यांना हेझल नावाच्या झाडाच्या काठ्या. प्रत्येकाला तीन ढाली. ढाल आपला जोडीदार धरतो, आपण वार करायचा. ज्याला आव्हान मिळालं त्याचा पहिला वार. तिन्ही ढाली फुटल्या की हातातल्या शस्त्रानेच स्वतःला वाचवायचं. एक पाय या काठ्यांच्या बाहेर गेला तर मागे हटला, दोन्ही गेले तर पळाला. आणि कापडावर रक्त सांडलं की लढाई थांबवता येते. ज्याला जखम जास्त, त्याने तीन मार्क चांदी द्यायची. साडेसहाशे ग्रॅमच्या आसपास.

कोर्माक एकटा बसला, इथवर ठीक. पण तलवार त्याने अंगरख्यावरूनच बांधून आणली होती आणि मुठीवर लख्ख ऊन पडलं होतं. उपसायला गेला, निघेना. पुन्हा मुठीवर पाय दिला आणि ओढली. साप बाहेर आला. त्याला परत जायला कोणी वाट करून दिली नाही. तलवारीचं भाग्य तिथेच सरलं, असं सागा म्हणते. किंचाळत, करकरत ती म्यानाबाहेर आली.

मग लढाई. बेर्सीने कोर्माकची ढाल फोडली, कोर्माकने बेर्सीची. एक, दोन, तीन, दोघांच्याही तिन्ही ढाली गेल्या. आता कोर्माकची पाळी. त्याने वार केला, बेर्सीने ह्वीटिंग आडवी धरली. स्कॉफ्नुंगने ह्वीटिंगची अणी तोडली! जिंकलाच म्हणायचा. पण तुटलेली अणी उडाली ती कोर्माकच्याच हातावर. अंगठ्याचं पेर फाटलं आणि रक्त कापडावर पडलं. कोणाचं रक्त? कोर्माकचं. लोक मधे पडले, लढाई थांबली, आणि ज्याची तलवार तुटली तो जिंकला. कोर्माकने संतापाने स्कॉफ्नुंग खाली हाणली. ती लागली बेर्सीच्या छोट्या ढालीवर. ठिणग्या उडाल्या आणि स्कॉफ्नुंगच्या धारेला खांडा पडला. पुढे तो खांडा घासून काढायला गेले, तर जितकं घासावं तितका खांडा मोठा होत गेला. तसली तलवार परत स्केग्गीला नेऊन द्यावी लागली.

श्रोतेहो, ही गोष्ट जादूची म्हणून सांगतात. मला ती लोहाराची गोष्ट वाटते. सापापासून सुरू करू.

नवव्या शतकापर्यंतची उत्तम पाती एका सलग लोखंडाची नसत. दोन जातींच्या लोखंडाच्या पट्ट्या आळीपाळीने रचत, साधारण सात थर. भट्टीत पिवळ्या-पांढऱ्या तापावर नेऊन ऐरणीवर घणाने सांधत. त्यातून करंगळीएवढी चौकोनी कांब निघे. ती पुन्हा लाल करून दोरीसारखा पीळ द्यायचा. अशा तीन-चार पिळाच्या कांबी शेजारी शेजारी सांधल्या की पात्याचा गाभा झाला. दोन्ही कडांना पोलादाची पट्टी सांधली की धार झाली. यात चूक कुठे होते? ताप कमी पडला तर सांधा बसत नाही. जास्त झाला तर लोखंडच जळतं, फुलबाजीसारख्या ठिणग्या सोडतं. आणि दोन पट्ट्यांमध्ये मळी, म्हणजे लोखंडातला काचेसारखा गाळ, अडकली तर वरून काहीच दिसत नाही. वार झाला की पातं तिथेच उकलतं.

हे पातं घासून चकचकीत केलं आणि सौम्य आम्लाने धुतलं की पिळाची नक्षी उमटते. एक लोखंड उजळ राहतं, दुसरं काळवंडतं आणि पात्यावर वळवळणारे साप दिसू लागतात. सहाव्या शतकात इटलीचा राजा थिओडोरिक याच्या वतीने कॅसिओडोरसने लिहिलेल्या पत्रात, भेट आलेल्या तलवारींवर जणू बारीक अळ्या वळवळतात, असं वर्णन आहे. आता थंडीच्या सकाळी अशा पात्यावर फुंकर घाला. आरशावर फुंकर घातल्यासारखी वाफ धरते आणि मुठीकडून अणीकडे नक्षी क्षणभर उठून दिसते. वाफ उडाली की परत जाते. हाच स्केग्गीचा साप. अनेक अभ्यासकांनी हा अर्थ लावला आहे आणि मला तो पटतो. स्कॉफ्नुंग जुन्या राजाच्या थडग्यातली, म्हणजे तिचं पातं त्या पिळाच्या काळातलं असणार हेही जुळतं. शिवाय फुंकर घालून बघणारा माणूस आपोआप धारही बघतो. कुठे चीर आहे का, कुठे गंज धरलाय का, लढण्याआधी सगळं नजरेखालून जातं.

दुसरं, ती निघेना. का निघेल? म्यान लाकूड, चामडं आणि लोकरीचं. ओल लागली की फुगतं, उन्हाने आवळतं. मुठीवर ऊन पडू देऊ नको यात मला तरी निव्वळ शहाणपण दिसतं. त्यात पात्याला गंज धरला असेल तर करकर वाजणारच. आणि मुठीवर पाय देऊन ओढलं तर जोर सगळा कुठे जातो? पात्याची जी निमुळती दांडी मुठीत शिरून वर ठोकून पसरवलेली असते, तिच्यावर. ती हलली की मूठ खिळखिळी.

तिसरं, अणी तुटली. धारेला धार लावून लढणं हे सिनेमाचं आहे. टणक धार टणक धारेवर आदळली की दोन्हींपैकी एक जाते. म्हणून तर ढाली तीन-तीन.

चौथं, खांडा घासला तसा वाढला. हे तर घरोघरचं आहे. विळीला खांडा पडला की आपण निसण्याने तेवढीच जागा घासतो आणि तिथे वाटीसारखा खळगा होतो. खांडा काढायचा तर धार सगळ्या लांबीभर खांड्याच्या तळापर्यंत मागे न्यावी लागते. सांधलेली पोलादाची पट्टी पातळ असेल तर तेवढं पोलादच उरत नाही. जाता जाता एक सांगते, घरच्या सुऱ्या विजेच्या चाकावर धार लावायला देऊ नका. धारेवर निळी झाक आली की तिचं पाणी उतरलं, मग ती दोन दिवसही टिकायची नाही. पाण्याने भिजवलेला दगड आणि दहा मिनिटं, एवढं पुरतं.

वेळ कमी उरलाय, तरी उल्फबेर्टबद्दल दोन वाक्यं सांगायलाच हवीत. नवव्या शतकापासून पिळाची पाती मागे पडली आणि पन्हळीत अक्षरं असलेली पाती आली. उल्फबेर्ट हे नाव असलेली पाती आज सुमारे १७० माहीत आहेत आणि ती जवळजवळ दोनशे वर्षांच्या काळात पसरली आहेत. म्हणजे हा एक लोहार नव्हे, ही छाप आहे. नावाबरोबर दोन क्रूस असतात, एक सुरुवातीला आणि दुसरा शेवटाजवळ. लंडनच्या वॉलेस कलेक्शन या संग्रहालयाचे ॲलन विल्यम्स यांनी अशा पात्यांचं लोखंड तपासलं. ज्यांत दुसरा क्रूस शेवटच्या टी अक्षराच्या आधी आहे, त्यांतल्या अनेकांत एक टक्क्याच्या आसपास कार्बन आणि मळी जवळजवळ नाहीच. ज्यांत तो टी नंतर आहे, त्यांत बहुतेक साधं लोखंड. म्हणजे बनावट मालही तेव्हाच होता! असं स्वच्छ पोलाद मुशीत वितळवून बनतं. ते दक्षिण भारतात बनत होतं, मध्य आशियात मर्वला त्याच्या भट्ट्या उत्खननात मिळाल्या आहेत. व्होल्गा नदीच्या वाटेने ते उत्तरेला पोचलं असावं, असं विल्यम्स मांडतात.

आणि आपल्याकडचं एक. खंडेनवमीला घरातली, देवळातली जुनी तलवार विटेच्या भुकटीने नाहीतर चिंचेने, लिंबाने घासतात. हात जोडून सांगते, असं करू नका. पात्यावरचं अक्षर, पोलादातली लहरींची नक्षी, मुठीवरची सोन्या-चांदीची तार, सगळं त्या एका सकाळी निघून जातं. कोरड्या सुती फडक्याने पुसा, पातळ यांत्रिक तेलाचा अगदी हलका हात फिरवा आणि जादा तेल टिपून घ्या. उघड्या बोटांनी पातं धरू नका, घामातलं मीठ गंज आणतं. पावसाळ्यात चामड्याच्या म्यानात ठेवून देऊ नका. चामडं ओल धरतं आणि त्यातलं आम्ल पात्याला खातं. तलवार वेगळी, म्यान वेगळं. आणि म्यानातून निघत नसेल तर ओढू नका. जाणकार संवर्धकाला दाखवा, तो आधी क्ष-किरणांनी आत काय आहे ते बघेल.

स्कॉफ्नुंगचं पुढे काय झालं, ते राहिलं. ती स्केग्गीच्या घराण्यातून थोर्केल नावाच्या माणसाकडे आणि त्याच्याकडून त्याच्या मुलाकडे, गेल्लिरकडे आली. म्हातारपणी गेल्लिर रोमच्या यात्रेला गेला, तेव्हा ती त्याच्याबरोबर होती. परत येताना डेन्मार्कमध्ये तो आजारी पडला आणि वारला. रोस्किल्डला त्याला पुरलं. लाक्सडाल सागा म्हणते की त्यानंतर ती तलवार पुन्हा कोणाच्या हाती आली नाही. रोस्किल्डपासून लेइरं हे गाव दहाएक किलोमीटरवर आहे. ह्रोल्फ क्राकीची राजधानी म्हणून दंतकथा सांगतात ते हेच लेइरं.

नमस्कार.